‘टर्न’ : एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थविस्तार आणि मराठीतील त्याची वाटणी

प्रस्तावना



काही वर्षांपूर्वी माझे वडील अर्धांगवायूच्या झटक्याने अंथरुणाला खिळले. रुग्णालयातून घरी सोडताना घरच्या शुश्रूषेविषयीचे एक छापील पत्रक आमच्या हाती देण्यात आले. पत्रक मराठीत होते, पण मूळ इंग्रजीवरून केलेले होते. त्यातील एक सूचना अशी : ‘रुग्णास दर दोन तासांनी फिरवावे.’ दादा आणि वहिनी यांनी ती मनावर घेतली. चाकांची खुर्ची भाड्याने आणली आणि सकाळ-संध्याकाळ वडिलांना अंगणातून फिरवून आणण्याचा नेम सुरू केला. दर दोन तासांनी ते जमणे शक्य नव्हते, रात्री तर नाहीच. मधल्या वेळात वडील उताणे निजलेले असत. पाचव्या दिवशी ड्रेसिंगसाठी आलेल्या परिचारिकेने त्यांच्या पाठीच्या खालच्या भागावरचा लालभडक चट्टा पाहिला आणि ती म्हणाली, ‘‘अहो, फिरवायचं म्हणजे कूस बदलायची. खुर्चीतून हिंडवायचं नाही.’’

मूळ इंग्रजी वाक्य काय असणार, हे त्या क्षणी ध्यानात आले : ‘टर्न द पेशंट एव्हरी टू अवर्स.’ एकाच कुशीवर फार वेळ पडून राहिल्यास शरीराच्या वजनाने कातडीचा रक्तपुरवठा दबतो आणि तेथे जखम होते. ती टाळण्यासाठी दिलेली ही अगदी साधी सूचना होती. पत्रक मीही वाचले होते, हे येथे कबूल केले पाहिजे. भाषाविज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माझ्या नजरेतूनही ते वाक्य सुखरूप निसटले होते.

पत्रक लिहिणाऱ्याने कोश पाहिला नसेल, असे म्हणता येणार नाही. इंग्रजी-मराठी कोशात ‘टर्न’समोर ‘फिरवणे’ हा अर्थ असतोच आणि तो चुकीचाही नाही. मग चूक कोठे झाली? या प्रश्नाचा माग काढत आपल्याला ‘टर्न’ या क्रियापदाचा अर्थविस्तार समजून घ्यायचा आहे. अनुवादाच्या अभ्यासात त्याचा उपयोग होईलच, पण मराठी शब्दार्थांकडे पाहण्याची एक रीतही त्यातून हाती येईल.

शब्दाचे मूळ : कातारी आणि त्याचे यंत्र

तुमच्यापैकी काहींनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ‘टर्नर’ हा व्यवसाय शिकलेला असेल. लेथवर धातूचा तुकडा गरगर फिरवत त्याला हत्यार लावून गोल आकार देणारा तो टर्नर. ‘टर्न’ या क्रियापदाचा जन्म याच कामातला आहे. ग्रीक भाषेत ‘टोर्नोस’ म्हणजे वर्तुळ आखण्याचे साधन, तसेच लाकूड गोल कातण्याचे यंत्र. ग्रीकमधून तो शब्द लॅटिनमध्ये ‘टोर्नुस’ झाला आणि त्यावरून ‘टोर्नारे’, म्हणजे यंत्रावर कातणे, हे क्रियापद तयार झाले. जुन्या इंग्रजीने ते स्वीकारले. पुढे नॉर्मन राजवटीत जुन्या फ्रेंचमधून आलेल्या त्याच कुळातील क्रियापदाने त्याला आणखी बळ दिले. आपण रोज वापरतो ते ‘टूर’, ‘टूर्नामेंट’ आणि ‘रिटर्न’ हे शब्द याच घराण्यातले आहेत.

लाकूड किंवा हस्तिदंत कातणाऱ्या कारागिराला मराठीत ‘कातारी’ हे नाव आहे. इंग्रजीत ‘टर्नर’ हे आडनाव सोनार, सुतार या आपल्याकडच्या आडनावांसारखेच धंद्यावरून पडलेले आहे. मराठीसह सर्व भारतीय-आर्य भाषांतील शब्दांच्या व्युत्पत्तींचा प्रचंड तौलनिक कोश 1960च्या दशकात प्रसिद्ध करणारे राल्फ लिली टर्नर यांचे आडनावही तेच होते. हा अर्थात केवळ योगायोग.

कातण्याच्या कामातून इंग्रजीला एक सुंदर लक्षणा मिळाली. घाटदार, नेटके वाक्य असेल तर ते ‘वेल-टर्न्ड’. मराठीतही नाक-डोळे रेखीव असतील तर आपण ‘कातीव चेहरा’ म्हणतो. दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच कारागिराकडून ही प्रतिमा घेतली.

‘टर्न’ येण्यापूर्वीही इंग्रजीत वळण्या-फिरण्याची क्रियापदे होतीच. त्यांपैकी ‘वेओर्थान’ हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्याचा अर्थ ‘होणे, बनणे’. जर्मन भाषेत त्याचे भावंड ‘वेर्डेन’ आजही ‘होणे’ याच अर्थाने नांदते आहे. या शब्दांचे मूळ आणि संस्कृतातील ‘वृत्’ धातूचे मूळ एकच असून त्या मुळाचा अर्थ ‘वळणे, फिरणे’ असा आहे. लॅटिन ‘व्हर्टेरे’ हेही त्याच कुळातले आणि आपल्या ओठांवरचे ‘रिव्हर्स’, ‘कन्व्हर्ट’, ‘व्हर्शन’ हे शब्द त्यावरून आलेले. म्हणजे वळण्यातून ‘होणे’ हा अर्थ निघणे ही फार प्राचीन गोष्ट आहे. ‘वेओर्थान’ इंग्रजीतून लोप पावले. कालांतराने उपऱ्या ‘टर्न’नेही ‘होण्या’च्या त्याच प्रांतात पाय रोवले.

‘वृत्’ धातूची मराठीतील संपत्ती तर डोळे दिपवणारी आहे. वर्तुळ, परिवर्तन, आवृत्ती, निवृत्ती, वर्तमान हे तत्सम शब्द झाले. पण ‘वाटोळे’ (‘वर्तुल’पासून) आणि समईतली ‘वात’ (‘वर्ति’पासून) हे तद्भव शब्दही त्याच धातूची नातवंडे आहेत. ती ओळखू येत नाहीत, इतकेच.

एक शब्द की अनेक?

‘माळ’ म्हणजे मोकळी, उंचवट्याची जमीन आणि ‘माळ’ म्हणजे मण्यांचा सर. येथे दोन वेगळ्या शब्दांचे उच्चार योगायोगाने एक झाले आहेत. ही समरूपता होय. ‘टर्न’चे तसे नाही. चाक फिरते, गाडी डावीकडे वळते, पान उलटते, दूध नासते, कोणी पन्नाशीत प्रवेश करतो, नळ सुरू होतो, आपली पाळी येते, आणि या सर्व ठिकाणी इंग्रजी माणूस ‘टर्न’ हा एकच शब्द वापरतो. हे अर्थ एकमेकांतून फुटलेले आहेत. ही अनेकार्थता होय. अनेकार्थी शब्दाचा अभ्यास करताना अर्थांची यादी पाठ करण्याऐवजी त्यांच्या बुडाशी असलेले मूळ चित्र शोधावे आणि तेथून एकेक फांदी कशी फुटली ते पाहावे.

‘टर्न’चे मूळ चित्र म्हणजे आसाभोवती फिरणारी वस्तू. अशी वस्तू पूर्ण फेरा न घेता थोडीच फिरली तर तिचे तोंड दुसरीकडे होते, तो दिशाबदल. अर्धा फेरा घेतला तर खालची बाजू वर येते, ते उलटणे. फिरता फिरता तिला घाट येतो, तो आकार. एका बाजूची दुसरी बाजू झाली म्हणजे ती पूर्वीची राहिली नाही, तो स्थितिबदल. फेरा पुरा होऊन पुन्हा पहिली जागा आली म्हणजे क्रमाने येणारी पाळी. एका चित्राच्या या पाच फांद्या आहेत. इंग्रजीने पाचही फांद्यांना एकच नाव ठेवले. मराठीने तसे केलेले नाही.

मराठीतील वाटणी

मराठीने हा प्रदेश निदान चार क्रियापदांत वाटून दिला आहे : वळणे, फिरणे, उलटणे आणि परतणे. (‘पालटणे’ हे पाचवे, पण आजच्या बोलण्यात त्याचा वावर आटत चालला आहे. दिवस पालटतात, कूस पालटतात, एवढ्यापुरता तो शब्द उरला आहे.) या चौघांच्या सीमा आपण जन्मभर अचूक पाळतो. मात्र त्या कोठे आहेत, हे विचारले तर सांगता येत नाही.

‘वळणे’ आणि ‘फिरणे’ यांतला भेद समजून घेण्यासाठी रस्त्यावर उभे राहा. ‘गाडी वळवा’ म्हटले तर चालक डावी-उजवीकडचा रस्ता धरील. ‘गाडी फिरवा’ म्हटले तर तो तिचे तोंड आल्या दिशेला करील. क्रिकेटचे उदाहरण याहून बोलके आहे. चेंडूला बोटांनी स्वतःभोवती गरगर फिरायला लावणारा तो ‘फिरकी’ गोलंदाज. पण टप्पा पडल्यावर चेंडूने दिशा बदलली की तो ‘वळला’. गोलंदाज चेंडू फिरवतो म्हणून चेंडू वळतो. ‘फिरणे’ म्हणजे फेरा घेणे आणि ‘वळणे’ म्हणजे रोख बदलणे.

‘फिरणे’ एवढ्यावर थांबत नाही. फेरा घेता घेता ते हिंडू लागते : बागेत फिरणे, गावोगाव फिरणे, फिरस्ता, फेरीवाला. पुढे ते पृष्ठभागावरूनही सरकू लागते : पाठीवरून हात फिरवणे, घरावरून रंगाचा हात फिरवणे, यादीवरून नजर फिरवणे. यांपैकी एकाही ठिकाणी इंग्रजीत ‘टर्न’ येणार नाही. आता आमच्या घरच्या पत्रकाकडे पुन्हा पाहा. ‘फिरवणे’ला माणूस हे कर्म मिळाले, की मराठी मनात पहिल्याने उभा राहतो तो हिंडवण्याचा अर्थ. किल्ली फिरवा म्हटले तर ती कोणी अंगणात हिंडवून आणणार नाही. आजोबांना फिरवा म्हटले तर मात्र हिंडवूनच आणतील. शब्दाचा अर्थ शब्दात जितका असतो, तितकाच त्याच्या कर्मातही असतो. कोशकाराला हे ठाऊक असते, पण कोशाच्या एका ओळीत ते सांगायला जागा नसते. त्या सूचनेचे चांगले मराठी म्हणजे ‘रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी’. या वाक्यात ‘टर्न’चा कोशातला कोणताच पर्याय नाही, हे लक्षात घ्या. मराठीने क्रिया सांगण्याऐवजी शरीराच्या बाजूचे नाव घेतले आणि काम भागवले.

‘फिरवणे’च्या व्याप्तीवर उभे असलेले एक जुने कोडे तुम्ही लहानपणी ऐकले असेल. भाकरी का करपली, घोडा का अडला आणि विड्याची पाने का सडली, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. तव्यावरच्या भाकरीची बाजू बदलणे, घोड्याला मोकळे हिंडवून आणणे आणि पानांची चळत खालीवर करणे या तीन निरनिराळ्या क्रिया एका शब्दात सामावतात, ही या कोड्यातली गंमत. आता हे कोडे ‘टर्न’ वापरून इंग्रजीत सांगून पाहा. भाकरी आणि पाने यांच्यापुरते जमेल. घोडा मात्र अडून बसेल. कारण घोड्याला ‘टर्न’ करणे म्हणजे त्याचे तोंड दुसरीकडे करणे. त्याला हिंडवून आणणे त्या शब्दात येत नाही.

‘वळणे’ या क्रियापदाची खरी श्रीमंती स्वयंपाकघरात आणि देवघरात आढळते. लाडू वळतात, मुठी वळतात, वाती वळतात. घराबाहेर दोरीही वळतात. येथे ‘वळणे’चा अर्थ हाताच्या फिरत्या दाबाने आकार देणे असा आहे. इंग्रजीत घाटाचा अर्थ आला तो कातारी आणि त्याच्या यंत्राकडून. मराठीत तो आला तळहातातून. म्हणूनच लाडू वळण्याला ‘टर्न’ म्हणता येत नाही आणि लेथवरच्या कामाला आपण वळणे म्हणत नाही. मात्र दोन्ही भाषांत त्या आकाराचे पुढे स्वभावात रूपांतर झाले. ‘मुलीला चांगले वळण लावले आहे’, ‘अक्षराचे वळण सुरेख आहे’ असे आपण म्हणतो. मनाचा कल सांगताना इंग्रजीही ‘टर्न ऑफ माइंड’ म्हणते. रस्त्यावरचे वळण आणि संस्काराचे वळण हा एकच शब्द आहे, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

‘उलटणे’ म्हणजे वरची बाजू खाली जाणे. पान उलटते, गाडी उलटते. यातून विरोधाचा अर्थ निघतो : ‘ज्याला सांभाळले तोच माझ्यावर उलटला.’ इंग्रजीत हाच अर्थ ‘टर्न ऑन’ने व्यक्त होतो. ‘परतणे’ म्हणजे आल्या वाटेने मागे येणे. पण कढईतली भाजीही परततात, कारण उलथन्याने ती खालीवर होत पुन्हा पुन्हा त्याच जागी येते.

येथे व्याकरणाचा एक मुद्दा आवश्यक आहे. ‘चाक फिरले’ आणि ‘मी चाक फिरवले’ या दोन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘टर्न’च राहते. मराठीत अकर्मक ‘फिरणे’पासून सकर्मक ‘फिरवणे’ असा वेगळा धातू तयार होतो. म्हणून मराठी अशा बाबतीत नेहमी दोन रूपे ठेवते, असे अनेक विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितात. ते पूर्ण खरे नाही. ‘ती दाराशी वळली’ आणि ‘तिने लाडू वळले’, ‘ती गावाहून परतली’ आणि ‘तिने भाजी परतली’, ‘गाडी उलटली’ आणि ‘त्याने पान उलटले’ ही वाक्ये शेजारी शेजारी ठेवून पाहा. धातू तोच आहे. फरक दाखवते ती वाक्याची रचना : पहिल्या वाक्यात कर्तरी प्रयोग, दुसऱ्यात कर्मणी. वळणे, परतणे, उलटणे ही उभयविध क्रियापदे आहेत. ‘फिरणे’ तसे नाही. ‘तिने चाक फिरले’ असे कोणीही म्हणणार नाही.

होणे आणि पडणे

स्थितिबदलाचा अर्थ सांगताना मराठीने वळण्या-फिरण्याची चारही क्रियापदे बाजूला ठेवली आहेत. ‘हिज फेस टर्न्ड पेल’ याचे मराठी ‘त्याचा चेहरा पांढराफटक पडला’ असे होईल. ‘वळला’ नाही, ‘फिरला’ नाही, चक्क ‘पडला’! पाने पिवळी पडतात, चांदीची भांडी काळी पडतात, ओठ निळे पडतात, रंग फिका पडतो. मात्र गाल लाजेने लाल ‘होतात’, पहिल्या पावसानंतर रान हिरवे ‘होते’. लाल पडलेले गाल आणि हिरवे पडलेले रान कोणी पाहिलेले नाही.

या वापरामागे एक न्याय आहे. कुंडीतल्या रोपाचे पान पिवळे पडते. अढीतला आंबा पिवळा होतो. रंग एकच. पान जीव गमावत आहे, आंबा पिकत आहे. उणेपणा येत असेल तेथे मराठी ‘पडणे’ पसंत करते. आजारी पडणे, एकटे पडणे, ढिले पडणे, कमी पडणे ही याच पंगतीतली उदाहरणे. नियम उलट बाजूने मात्र लागू होत नाही. चहा गार ‘झाला’ असेही आपण हळहळतच म्हणतो. ‘होणे’ दोन्हीकडे चालते, ‘पडणे’ केवळ उताराच्या बाजूला. ‘टर्न’ला हा भेद ठाऊक नाही. इंग्रजी पान आणि इंग्रजी फळ दोन्ही ‘टर्न यलो’. अनुवाद करणाऱ्याला मात्र येथे निवड करावीच लागते आणि ती करण्यासाठी प्रसंग समजून घ्यावा लागतो.

‘टर्न इन्टू’ या रचनेसाठी मराठीकडे एक नितांत सुंदर साधन आहे : षष्ठी आणि ‘होणे’. पाण्याचा बर्फ झाला. दुधाचे दही झाले. सुरवंटाचे फुलपाखरू झाले. राजाचा रंक झाला. जे होते त्याला ‘चा-ची-चे’ लागते, जे झाले ते प्रथमेत राहते आणि क्रियापद त्याच्याशी जुळते. असे असताना ‘पाणी बर्फात बदलले’ अशी वाक्ये आज पाठ्यपुस्तकांतही दिसतात. त्यांना चूक ठरवण्याइतका मी कर्मठ नाही. पण हाताशी असलेले कातीव साधन टाकून उसने कशासाठी आणायचे, हे मला आजवर उमगलेले नाही.

अव्ययांचा खेळ

इंग्रजी क्रियापदानंतर येणारी ऑन, ऑफ, अप, डाउन, आउट, ओव्हर ही छोटी अव्यये अर्थाला नवी दिशा देतात. ती जोडून आलेल्या रूपाचा अर्थ अखंड समजावा लागतो. ‘टर्न’चा वेगळा आणि ‘अप’चा वेगळा असे तुकडे करून भागत नाही.

‘टर्न ऑन द लाइट’ असे इंग्रजी माणूस का म्हणतो? पूर्वी गॅसच्या दिव्याची तोटी खरोखरच फिरवावी लागे आणि विजेचे सुरुवातीचे खटकेही फिरवण्याचे असत. पुढे दाबण्याची बटणे आली, पण शब्द तोटीपाशीच राहिला. आपण हसण्याचे कारण नाही. आपण विजेचा दिवा ‘लावतो’, जणू वातीला ज्योत लावतो आहोत. आणि तो ‘मालवतो’, कारण दिवा ‘विझला’ म्हणणे जुन्या माणसांना अशुभ वाटे. इंग्रजीने गॅसची तोटी जपली, मराठीने वात जपली. आणि ‘वात’ या शब्दाच्या पोटात ‘वृत्’ म्हणजे वळणे दडलेले आहे, हे वर आलेच आहे.

दिवा लावायचा असतो, नळ मात्र सोडायचा असतो. ‘टर्न डाउन द गॅस’ म्हणजे गॅस बारीक करणे, ‘टर्न अप’ म्हणजे मोठा करणे. तेच ‘टर्न डाउन’ मागणीबाबत आले तर नाकारणे. ‘टर्न अप’ माणसाबाबत आले तर उगवणे किंवा उपटणे (‘इतक्या रात्री कुठून उगवलास?’), हरवलेल्या वस्तूबाबत आले तर सापडणे.

‘टर्न आउट’वर क्षणभर थांबू. ‘ही टर्न्ड आउट टु बी अ थीफ’ म्हणजे ‘तो चोर निघाला’. ‘आउट’ आणि ‘निघणे’ या दोहोंतही आतले बाहेर येण्याची कल्पना आहे. पण मराठीत याच अर्थाच्या परिसरात ‘ठरणे’ही आहे आणि दोहोंत भेद आहे. आंबा आंबट ‘निघतो’, कारण आंबटपणा त्यात आधीपासून होता, आपल्याला तो उशिरा कळला. निर्णय चुकीचा ‘ठरतो’, कारण पुढच्या घटनांनी त्यावर निकाल दिला. आंबा आंबट ‘ठरला’ म्हणायचे तर परीक्षक मंडळ बसवावे लागेल.

‘टर्न ओव्हर’पासून झालेल्या ‘टर्नओव्हर’ या व्यापारी नामाला मराठीत ‘उलाढाल’ हा अस्सल शब्द आहे. कंपनीच्या अहवालांत तो सुदैवाने टिकून आहे.

पाळी आणि आवर्तन

नाम म्हणून ‘टर्न’चा एक अर्थ पाळी. खेळातली पाळी, गिरणीतली रातपाळी, आळीपाळीने केलेले काम. यात फारसे अवघड काही नाही. मात्र शेतकरी विद्यार्थ्यांना परिचित असलेला एक शब्द येथे नोंदवतो. कालव्याचे पाणी ठरावीक मुदतीने सोडतात, त्याला ‘आवर्तन’ म्हणतात. ‘आवर्तन सुटले’ ही बातमी वाचताना फिरून येण्याचा जो अर्थ तुम्ही सहज ग्रहण करता, तोच ‘टर्न’च्या या फांदीवर आहे.

वाक्प्रचार : जुळणारे आणि फसवणारे

वाक्प्रचारांत काही ठिकाणी दोन्ही भाषा आश्चर्यकारकरीत्या एकत्र येतात. पाठ फिरवणे आणि तोंड फिरवणे इंग्रजीतही जसेच्या तसे आहेत. पक्ष बदलणाऱ्याला इंग्रजीत ‘टर्नकोट’ म्हणतात, म्हणजे कोट उलटा करून घालणारा. मराठीत असा माणूस टोपी फिरवतो. वस्त्र निराळे, वृत्ती तीच. बाजी पालटली तर इंग्रजीत ‘टेबले’ फिरतात. ही जेवणाची टेबले नव्हेत. सोंगट्यांसारख्या एका फाशांच्या खेळाच्या पटाला तेथे पूर्वी ते नाव होते. आपल्याकडे फासेच उलटतात.

फसगत होते ती दिसायला सारख्या असलेल्या जोड्यांत. ‘सक्सेस टर्न्ड हिज हेड’ याचे ‘यशाने त्याचे डोके फिरले’ असे भाषांतर केले तर वाचक त्याला वेडा किंवा संतापी समजेल. मूळ अर्थ एवढाच, की यश त्याच्या डोक्यात गेले. दुर्लक्ष करणाऱ्याविषयी इंग्रजीत ‘टर्न अ डेफ इअर’ म्हणतात. त्यासाठी बहिरा कान वळवण्याची गरज नाही, मराठीत ‘कानाडोळा’ आहे. नजरेच्या बाबतीत तर आणखी जपावे : नजर ‘फिरवणे’ म्हणजे वरवर पाहून घेणे, नजर ‘वळवणे’ म्हणजे दुसरीकडे पाहणे. परीक्षकाने उत्तरपत्रिकेवरून नजर फिरवली की उत्तरपत्रिकेवरून नजर वळवली, यात गुणांचा फरक पडू शकतो.

स्वयं-अध्ययनासाठी

पुढील इंग्रजी वाक्यांचे मराठी करा आणि प्रत्येक ठिकाणी तेच क्रियापद का निवडले, ते दोन-तीन वाक्यांत लिहा. ‘द मिल्क हॅज टर्न्ड.’ ‘शी टर्न्ड टु फार्मिंग.’ ‘द ओल्ड मॅन टर्न्ड इन हिज स्लीप.’ ‘द वेदर टर्न्ड कोल्ड.’ ‘माय मदर टर्न्स सिक्स्टी टुमॉरो.’ शेवटच्या वाक्यासाठी पर्याय शोधताना साठी गाठणे, साठी ओलांडणे आणि साठीकडे झुकणे यांत नेमका कोणता दिवस कोणत्या बाजूला पडतो, याचा विचार करा.

यानंतर घरातील कुकर, मिक्सर किंवा पाण्याची मोटर यांच्यासोबत आलेले मराठी माहितीपत्रक काढा. त्यात ‘फिरवा’, ‘वळवा’, ‘उलटा करा’, ‘चालू करा’ असे शब्द जेथे जेथे येतात तेथे खूण करा. ती सूचना घरातील अशा व्यक्तीला वाचून दाखवा, जिला इंग्रजी येत नाही, आणि त्या व्यक्तीने हाताने काय केले ते पाहून लिहून ठेवा. तुमची टिपणे संपर्क सत्रात घेऊन या.